चार नावं, एक विमा, दोन रिटर्न

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. यजमानांची कंपनीतली नोकरी २०२४ मध्ये गेली. आता ते एका गोदामात हिशोब बघतात, मी डेकेअरमध्ये जाते. दोघांच्याही कामावर आरोग्यविमा नाही. म्हणून २०२५ साठी मार्केटप्लेसवरून (सरकारच्या विमा-बाजारातून) सरकारी सवलतीसह ओबामाकेअरचा विमा घेतला, चौघांचा मिळून: आम्ही दोघं, मुलगा आणि अकरावीतली मुलगी. अर्ज केला तेव्हा मुलगा शेवटच्या सेमिस्टरला होता, पुढे एम.एस. करतो म्हणत होता, म्हणून त्याला आमचा डिपेंडंट (टॅक्सच्या लेखी आमच्यावर अवलंबून) दाखवलं. डिसेंबर २०२४ ला पदवी झाली आणि जानेवारीतच इथे नोकरी लागली. नऊ माणसांची कंपनी आहे, विमा देत नाहीत. तो आमच्याच विम्यावर राहिला. हे मार्केटप्लेसला कळवायचं असतं याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

आता फेब्रुवारीत त्याने फोनवरूनच स्वतःचा टॅक्स भरला. दुसऱ्या दिवशी रिटर्न परत आला, ‘फॉर्म ८९६२ जोडलेला नाही’ म्हणून. या सवलतीचा वर्षअखेरचा हिशोब द्यायचा तो फॉर्म. तेव्हापासून घरात हाच विषय. यजमान म्हणतात, कमावता झालाय, त्याच्या वाट्याची सवलत त्याने परत करावी. मुलगा म्हणतो, अर्ज बाबांनी केला, कागद बाबांच्या नावाने आला, माझा काय संबंध? मंडळातल्या एका काकांनी सांगितलं, अशा वेळी निम्मं-निम्मं करतात. आमचा रिटर्न अजून गेलेला नाही. १०९५-ए वरचे, म्हणजे मार्केटप्लेसकडून आलेल्या विम्याच्या वार्षिक कागदावरचे आकडे आणि सगळ्यांचं उत्पन्न सोबत लिहिते आहे. बरोबर कोण, ते सांगा.

– मधल्यामध्ये अडकलेली आई

---

नमस्कार.

दोघंही चुकताहेत, आणि मंडळातले काकासुद्धा. पण तिघांचंही चुकणं समजू शकते. ‘वाटणी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सातबारा येतो, कोणाला किती गुंठे आणि बांध कुठून. तुमच्या बाबतीत वाटायचे आहेत ते एका कागदावरचे तीन आकडे, आणि ते कसे वाटता यावर चौघांच्या घरातून एकूण किती डॉलर बाहेर जाणार हे ठरतं. तुम्ही पाठवलेले आकडे मांडून पाहिले. चांगल्या आणि वाईट वाटणीत जवळजवळ पाच हजार डॉलरचा फरक पडतो आहे. तेव्हा बापलेकांना म्हणावं, थोडा दम धरा.

आधी मुलाची काळजी मिटवते. ई-फाईल केलेला रिटर्न परत आला म्हणजे तो भरलाच गेला नाही असं धरायचं. दुरुस्तीचा रिटर्न लागत नाही. ८९६२ जोडून १५ एप्रिलच्या आत पुन्हा पाठवला की काम झालं. मार्केटप्लेसकडून आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, यादी जाते. आगाऊ सवलत मिळालेल्या विम्याच्या त्या यादीत त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर होता, आणि त्याने सॉफ्टवेअरच्या ‘१०९५-ए आलाय का’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर दिलं. खरं तर तो खोटं बोलला नाही. हा कागद ज्याने अर्ज केला त्याच्याच नावाने येतो, विम्यावर नावं कितीही असोत. त्याला वेगळा कागद येणारच नाही, तुम्हीच त्याला झेरॉक्स द्यायची.

मग एक खात्री करून घेतली, तुमच्या पत्रातूनच. तो खरंच तुमचा डिपेंडंट नाही ना? नाही. तेवीस वर्षांचा आहे, २०२५ मध्ये एक दिवसही कॉलेजात नव्हता आणि ४४,००० डॉलर कमावले. पदवी मे २०२५ मध्ये झाली असती तर गोष्ट निराळी होती. वर्षातले पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी आणि वर्षअखेरीला चोविसाच्या आत, असा मुलगा निम्म्याहून जास्त खर्च स्वतः उचलत नसेल तर आई-वडिलांचा डिपेंडंट ठरू शकतो, पगार कितीही असो. पुष्कळ घरांत हे पाहिलंच जात नाही. मुलगा नोकरीला लागला की तो ‘वेगळा’ झाला असं आपण धरून चालतो.

कंपनी विमा देत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. कंपनीने देऊ केला असता, आणि त्याच्या एकट्याच्या विम्यासाठी त्याने भरायची रक्कम २०२५ च्या नियमाप्रमाणे उत्पन्नाच्या ९.०२ टक्क्यांच्या आत असती, तर ज्या महिन्यांत तो देऊ केला होता त्या महिन्यांची त्याच्यापुरती सवलत गेली असती. विमा घेतला की नाकारला याने फरक पडत नाही. ‘सव्विसाव्या वर्षापर्यंत आई-बाबांच्या विम्यावर राहता येतं’ हे खरं आहे. पण विम्यावर राहता येणं आणि त्यावर सवलत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कागद घ्या. १०९५-ए च्या तिसऱ्या भागात महिन्यांच्या बारा ओळी आणि ए, बी, सी असे तीन रकाने आहेत. तुमचे आकडे मी थोडे गोल करते. ए म्हणजे चौघांच्या विम्याचा पूर्ण हप्ता, महिना २,४०० डॉलर. सी म्हणजे सरकारने विमा कंपनीला परस्पर दिलेली आगाऊ सवलत, २,२००. उरलेले २०० दर महिन्याला यजमानांच्या खात्यातून गेले. मधला बी मात्र तुमच्या कुठल्याच बिलावर दिसणार नाही. तुमच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा सर्वांत स्वस्त सिल्व्हर प्लॅन चौघांना केवढ्याला पडला असता, तो हा आकडा: २,५००. यालाच बेंचमार्क म्हणतात. तुम्ही घेतला तो प्लॅन वेगळा असेल, पण सगळा हिशोब या बीभोवती फिरतो.

कसा, ते सांगते. सरकार म्हणतं, घराच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का तुम्ही पदरचा घाला, बीमधलं उरलेलं मी देतो, फक्त तुमच्या खऱ्या हप्त्याहून जास्त नाही. तो टक्का घरात माणसं किती आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या कितीपट यावर ठरतो. अर्जात तुम्ही चार माणसं आणि ८२,००० चा अंदाज लिहिला होता. त्यावरून पदरचे महिना साधारण ३०० निघाले. २,५०० मधून ३०० गेले, २,२०० सुरू झाले. तिथवर सगळं चोख होतं.

वर्ष संपलं तेव्हा मात्र चार माणसांचं एक घर उरलं नव्हतं. टॅक्सच्या लेखी तुम्ही तिघं एक घर, उत्पन्न ८४,०००. मुलगा एकटा दुसरं घर, ४४,०००. २०२५ च्या सवलतीसाठी दारिद्र्यरेषा २०२४ ची धरतात: तिघांसाठी २५,८२० आणि एकट्यासाठी १५,०६०. तुम्ही ३२५ टक्क्यांवर येता, मुलगा २९२ वर. त्यावरून तुमचे पदरचे वर्षाला साधारण ५,५७० आणि त्याचे २,५००. आधी एकाच घराने वर्षाला ३,६०० पदरचे घालायचे होते. आता त्याच विम्यावर दोन घरं बसली आहेत आणि दोघंही आपापले पदरचे वेगळे घालणार. दुखणं इथे आहे. बाबांनी अर्ज चुकीचा भरला म्हणून किंवा मुलगा फुकट राहिला म्हणून हे झालेलं नाही.

आता नियम. वेगळा रिटर्न भरणाऱ्या मुलाचं नाव पालकांच्या विम्यावर असेल तर दोघांनी मिळून शून्य ते शंभर यांतली कुठलीही टक्केवारी ठरवावी. अट एवढीच की एका महिन्यासाठी तिन्ही रकान्यांना तोच टक्का लावायचा. सवलत पंचवीस टक्के आणि हप्ता चाळीस टक्के, असं चालत नाही. (मी पहिल्यांदा हा फॉर्म भरला तेव्हा ‘सवलत तेवढी वाटायची’ अशा समजुतीने फक्त शेवटच्या चौकटीत टक्के घातले होते. तासभर आकडे जुळेनात.) एकमत झालं नाही तर डोकी मोजायची. विम्यावर चार डोकी, त्यांतलं एक मुलाचं, म्हणजे त्याच्याकडे २५ टक्के.

काकांचं निम्मं-निम्मं कुठून आलं? विमा एकत्र असलेले नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरतात तेव्हा हप्ता आणि आगाऊ सवलत ५०-५० होते. घटस्फोट झालेल्यांचं टक्क्यावर एकमत होत नसेल तरीही तेच. तो नियम आई-वडील आणि मुलाला लागू नाही. आणि वेगळे रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला बहुधा ही सवलत मिळतच नाही, आलेली आगाऊ रक्कम परत करायची वेळ येते. घरातल्या छळामुळे वेगळं व्हावं लागलेल्या किंवा जोडीदाराने टाकून दिलेल्या माणसाला तेवढी सूट आहे. काकांच्या ओळखीत कोणी ‘मॅरीड फायलिंग सेपरेट’ करत असेल तर त्यांना हा परिच्छेद दाखवा.

आता तुमच्या घरी येऊ. वर्षाचे आकडे: ए २८,८००, बी ३०,०००, सी २६,४००.

डोकी मोजून वाटलं तर मुलाकडे पाव हिस्सा येतो: बी ७,५००, सी ६,६००. ७,५०० मधून पदरचे २,५०० वजा केले की त्याची खरी सवलत ५,०००. मिळाली ६,६००, म्हणजे १,६०० जास्त. २०२५ मध्ये परतफेडीला मर्यादा आहे आणि त्याच्या उत्पन्नाच्या एकट्या माणसाला ती ९७५ आहे, तेव्हा तो ९७५ भरेल. तुमच्याकडे उरलेला पाऊण हिस्सा: बी २२,५००, सी १९,८००. पदरचे ५,५७० वजा जाता सवलत १६,९३०, जास्तीचे २,८७०. तुमची मर्यादा ३,२५० असल्यामुळे पूर्ण २,८७० भरायचे. दोन्ही मिळून ३,८४५.

काकांच्या निम्म्या-निम्म्याने मुलाचे ७०० आणि तुमचे ३,७७०, पैकी मर्यादेमुळे ३,२५०. एकूण ३,९५०.

मुलगा म्हणतो तसं, ‘माझा काय संबंध’, म्हणजे त्याच्याकडे शून्य आणि सगळं तुमच्याकडे. सवलत ३०,००० वजा ५,५७०, म्हणजे २४,४३०. मिळाली २६,४००. तुम्ही भरायचे १,९७०, त्याने काहीच नाही.

इथे यजमानांना थांबवून एक गोष्ट दाखवा. ‘त्याचा वाटा त्याने घ्यावा’ म्हटलं तर तुमच्याच रिटर्नवर २,८७० येतात. काहीच देऊ नको म्हटलं तर १,९७०. वाटा दिला की तुमचं देणं नऊशेंनी वाढतं! कारण बी आणि सी यांच्यात वर्षाला ३,६०० ची जागा आहे आणि ती जागा तुमच्या पदरच्या ५,५७० ला आधार देते. मुलाला पाव हिस्सा देताना तुम्ही त्या आधाराचाही पाव हिस्सा, म्हणजे ९०० डॉलर, त्याच्या हाती ठेवता. यजमान हिशोबाचं काम करतात, त्यांना हे एका ओळीत कळेल.

आणि आता उलटं करून बघा. शंभर टक्के मुलाकडे, तुमच्याकडे शून्य. मुलाची सवलत ३०,००० वजा २,५००, म्हणजे २७,५००. विम्याचा पूर्ण हप्ता २८,८०० आहे, त्याच्या आत बसते. आगाऊ गेले २६,४००. म्हणजे मुलाने भरायचं काहीच नाही, उलट त्याच्या रिटर्नवर १,१०० डॉलर जमा. तुमच्याकडे वाट्याला काहीच नाही, म्हणून परतफेडही नाही. डोकी मोजली तर घरातून ३,८४५ जाणार होते, इथे १,१०० येणार.

ही पळवाट आहे का, असं तुम्ही नक्की विचाराल. तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. नाही. ८९६२ च्या सरकारी सूचनांतच ‘शून्य ते शंभर यांतली कुठलीही टक्केवारी’ असं म्हटलं आहे. दोन्ही रिटर्न एकमेकांशी जुळले पाहिजेत, एवढंच. ज्याचे पदरचे कमी त्याच्याकडे जास्त टक्के गेले की घराचं एकूण देणं घटतं. याचा अर्थ प्रत्येक घरात सगळं मुलाकडे ढकलावं असा मात्र नाही. मुलगा आई-वडिलांहून जास्त कमावत असेल तर उलट होईल, आणि त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असेल तर त्याला ही सवलतच न मिळण्याचा प्रश्न येतो. म्हणून माझे गोल आकडे घेऊन फॉर्म भरू नका. सॉफ्टवेअरमध्ये खरे आकडे घालून शून्य, पंचवीस आणि शंभर, तिन्ही करून बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती गणिताची नाही. तिन्ही करून बघायचे तर दोन्ही घरांची उत्पन्नं एका टेबलावर मांडावी लागतात. यजमानांनी मुलाला स्वतःचा पगार आजवर कधी सांगितलाय? नोकरी गेल्यानंतरचा तर नक्कीच नसेल. त्यालाही आपला पगार वडिलांसमोर सांगायला अवघड जात असेल, विशेषतः तो वडिलांच्या पगाराच्या जवळ जात असेल तर. माझा अंदाज आहे की तुमच्या टेबलावरच्या दोन आठवड्यांच्या भांडणात विम्याचा भाग थोडा आणि याचा भाग मोठा आहे. तुम्ही मधे बसू नका. लॅपटॉप ठेवा, दोन्ही घरांचे डब्ल्यू-टू (पगाराचे वार्षिक कागद) ठेवा, १०९५-ए ठेवा, आणि चहा करायला उठा.

टक्के ठरवताना बाप-मुलगा हे नातं बाजूला ठेवावं. टक्के ठरले की मग आपसातलं देणंघेणं बघावं, आणि ते आयआरएसच्या टक्क्यांशी जुळायची काही गरज नाही. हप्त्याचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले याने सवलतीत फरक पडत नाही. बाबांनी भरलेला हप्ता मुलाच्या वाट्याला गेला तर तो त्यानेच भरला असं धरतात. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: परताव्याचे १,१०० मुलाने बाबांच्या हातात द्यावेत. वर्षभर महिना २०० बाबांनी भरले आहेत, त्यातले काही तरी परत येतील. ‘माझा काय संबंध’ म्हणणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की त्याने एकट्याने विमा घेतला असता तर बेंचमार्क प्लॅनला पदरचे २,५०० गेले असते. या वर्षी त्याने एक डॉलर घातला नाही. आणि बाबांनी हेही लक्षात घ्यावं की त्याच्या नावाचा रिटर्न नसता तर त्यांना १,९७० भरावे लागले असते. कोणाचे उपकार कोणावर, ते मी ठरवत नाही.

फॉर्म भरताना कुठे अडतं ते सांगून ठेवते. ८९६२ च्या ९ व्या ओळीवर ‘हो’ म्हणा, मग चौथा भाग उघडतो. ३० व्या ओळीवर आधी पॉलिसी नंबर. तो पंधरापेक्षा जास्त अक्षरांचा असेल तर शेवटची पंधराच लिहायची. मग समोरच्याचा सोशल सिक्युरिटी नंबर: मुलाच्या फॉर्मवर वडिलांचा, तुमच्या फॉर्मवर मुलाचा. इथे बहुतेक जण घाईत स्वतःचाच घालतात. सुरुवातीचा महिना ०१, शेवटचा १२. त्यानंतर तीन चौकटी, हप्ता, बेंचमार्क आणि आगाऊ सवलत, तिन्हींत तोच आकडा, दशांशात. मुलाकडे १.०० आणि तुमच्याकडे ०.००. तुमच्याकडे शून्य आहे म्हणून फॉर्म गाळायचा नाही. तुमचीही नावं त्या यादीत आहेत, गाळलात तर तुमचाही रिटर्न मुलासारखाच परत येईल. सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘ही पॉलिसी दुसऱ्या रिटर्नवरच्या कोणाशी शेअर केली आहे का’ असा प्रश्न येतो, त्याला हो म्हटलं की पुढच्या चौकटी आपोआप येतात. १०९५-ए चे आकडे मात्र दोन्ही रिटर्नमध्ये पूर्णच घाला. टक्के लावून आधीच कमी केलेले घातले तर दोनदा वजा होतात.

आयआरएस तुमच्याकडे करारनामा मागत नाही. तरीही एका साध्या कागदावर वर्ष, पॉलिसी नंबर, टक्के आणि तिघांच्या सह्या करून दोन्ही फायलींत ठेवा. तीन वर्षांनी पत्र आलं तर कोणाला काय ठरलं होतं ते आठवत नाही.

असाच प्रश्न आई-वडिलांबाबत मला वारंवार येतो म्हणून जाता जाता. ग्रीन कार्डवर आलेल्या पासष्टीपुढच्या आई-बाबांना इथे कामाची वर्षं नसतील तर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकत घेता येत नाही. तोवर पुष्कळ जण त्यांना मार्केटप्लेसच्या विम्यावर घेतात, कधी स्वतःच्याच अर्जात. ते स्वतःचा रिटर्न भरत असतील तर हाच चौथा भाग लागतो. आणि त्यांच्या उत्पन्नात पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या एफडीचं व्याजही धरायचं असतं. ‘ते इंडियातलं आहे’ हे उत्तर ग्रीन कार्डवाल्याला चालत नाही.

तुमचं शेवटचं काम २०२६ चं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं विम्याचं नूतनीकरण आपोआप झालं असेल, त्याच चार नावांसह. तसं असेल तर याच आठवड्यात मार्केटप्लेसला फोन करा आणि मुलगा वेगळा रिटर्न भरतो, त्याचं उत्पन्न इतकं आहे, असं सांगा. २०२५ साठी मी वर ज्या मर्यादा लावल्या, ९७५ आणि ३,२५० च्या, त्या जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२६ पासून काढून टाकल्या आहेत. यापुढे जास्तीची आलेली सवलत पै न् पै परत करायची. महिने जातील तसा आकडा वाढत जाईल.

फोनवर एवढं सांभाळा: मुलाचं नाव परस्पर विम्यातून काढून टाकू नका. स्वतःहून सोडलेल्या विम्यासाठी वर्षाच्या मधेच नवा विमा घ्यायची संधी मिळत नाही, आणि पोरगं डिसेंबरपर्यंत विम्याशिवाय राहील. आधी त्याला कुठला विमा, कधीपासून मिळतो हे विचारा, तारीख लिहून घ्या आणि मगच नाव हलवा. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या अर्जाबाबत ते तुमच्याशी बोलणार नाहीत. त्यामुळे त्याच्या नव्या विम्याचा फोन त्यालाच करू दे.